वक्रपाद, ब्रेस आणि बालकाचे पहिले पाऊल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जन्मतःच पाऊल आतल्या बाजूस वळलेले, टाच वर खेचली गेलेली आणि तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला, अशा विकृतीस मराठीत जन्मजात वक्रपाद असे म्हणता येईल. वैद्यकीय व्यवहारात ‘क्लबफूट’ हाच शब्द रूढ आहे. सुमारे 1000 जन्मांमागे एका बालकात ही विकृती आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत तिचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते आणि निम्म्या बालकांत दोन्ही पावले वाकडी असतात. आज या विकृतीवर प्लास्टर व त्यानंतर ब्रेस हा उपचार जगभर मान्य झाला आहे. ब्रेस म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. हे साधन बालकाला 3 ते 4 वर्षे वापरावे लागते. नेमक्या याच काळात बालक पालथे पडते, बसते, रांगते, उभे राहते व चालू लागते. पाय पट्टीला जखडलेले मूल चालणार कधी, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक घरात उपस्थित होतो. या प्रश्नाचे मोजमापावर आधारलेले उत्तर मिळण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. ते उत्तर इतक्या उशिरा का मिळाले आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

हातापासून यंत्रापर्यंत

वक्रपादाचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, सांध्यांविषयीच्या ग्रंथात आढळते. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर हाताने पाऊल हळुवार वळवावे, पट्ट्यांनी बांधावे, सरळ करताना थोडे विरुद्ध बाजूस न्यावे आणि नंतर विशिष्ट आकाराच्या पादत्राणाने ते टिकवावे, असा त्यातील उपदेश आहे. लवकर आरंभ, हळुवार हात आणि मिळालेली सुधारणा टिकवणारे साधन ही आधुनिक उपचाराची तीनही सूत्रे येथे बीजरूपाने दिसतात.

पुढील शतकांत हा हळुवारपणा मागे पडला. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ अँतोनिओ स्कार्पा याने 1803 मध्ये वक्रपादाच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला व लोखंडी पट्ट्यांचा बूट सुचविला. फ्रान्समध्ये देल्पेश याने 1816 मध्ये टाचेमागील शीर कापली, परंतु जखम चिघळल्याने त्याने तो प्रयोग पुन्हा केला नाही. जर्मनीत श्ट्रोमायर याने 1831 मध्ये त्वचेला अगदी लहान छिद्र पाडून हीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. विल्यम जॉन लिटल या तरुण इंग्रज वैद्याचे पाऊल बालपणीच्या आजारामुळे वाकडे झाले होते. त्याने 1836 मध्ये श्ट्रोमायरकडून स्वतःवर ही शस्त्रक्रिया करवून घेतली व पुढे ती इंग्लंडमध्ये नेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मथायसेन या डच लष्करी वैद्याने प्लास्टरची पट्टी प्रचारात आणली. या सर्व प्रयत्नांत लक्ष होते ते पावलावर. ते पाऊल ज्याचे आहे ते मूल केव्हा रांगेल व केव्हा चालेल, हा प्रश्न उपचाराच्या कक्षेत आला नव्हता.

डेनिस ब्राउन : लाथ हीच उपचारशक्ती

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लंडनमधील शल्यचिकित्सक डेनिस ब्राउन यांनी या इतिहासाला वेगळे वळण दिले. 1934 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनात दोन्ही पावले चिकटपट्टीने धातूच्या तळपट्ट्यांना बांधलेली असत आणि त्या तळपट्ट्या एका आडव्या दांडीने जोडलेल्या असत. बालक एक पाय झाडू लागले की दांडीमुळे दुसऱ्या पायावर ताण येतो आणि मुलाच्या स्वतःच्या लाथांनीच पावले सरळ होत जातात, अशी ब्राउन यांची धारणा होती. ही धारणा पुढे पूर्णपणे टिकली नाही, कारण केवळ अशा बांधणीने पावलातील हाडांची गुंतागुंतीची विकृती सुटत नाही. तरीही ऐतिहासिकदृष्ट्या तिचे मोल मोठे आहे. बालकाची हालचाल ही उपचारातील अडचण नसून उपचाराचे साधन आहे, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला. आजच्या ब्रेसची दांडी ही याच साधनाची वंशज होय.

याच सुमारास अमेरिकेत हायरम काइट यांनी टप्प्याटप्प्याने प्लास्टर बदलण्याची पद्धत रूढ केली. शस्त्रक्रिया टाळणे हा तिचा गुण होता. मात्र पाऊल वळवताना बाहेरच्या कडेवरील सांध्यावर दाब दिला जात असल्याने टाचेचे हाड मोकळे होत नसे व प्लास्टर दीर्घकाळ ठेवावे लागे. अनेक बालकांचे रांगण्याचे व चालू लागण्याचे वय प्लास्टरमध्येच सरत असे.

पोन्सेती आणि ब्रेसचे नवे स्थान

इग्नासिओ पोन्सेती यांचा जन्म 1914 मध्ये स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. स्पॅनिश यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार केले. पराभवानंतर फ्रान्स व मेक्सिकोमार्गे ते 1941 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. तेथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपली पद्धत विकसित केली. त्यांनी दाबाची जागा बदलली. घोट्याच्या हाडाच्या पुढच्या टोकावर आधार देऊन संपूर्ण पाऊल हळूहळू बाहेर वळवायचे, सुमारे आठवड्याने प्लास्टर बदलायचे आणि 5 ते 7 प्लास्टरनंतर बहुतेक बालकांत टाचेमागील शीर लहानशा छेदाने सैल करायची. शेवटचे प्लास्टर 3 आठवडे ठेवून मग ब्रेस द्यायचा, असा हा क्रम आहे.

या क्रमात ब्रेसचे कार्य बदलले. ब्राउन यांच्यासाठी तो सुधारणेचे साधन होता, पोन्सेती यांच्यासाठी तो सुधारणा टिकवण्याचे साधन झाला. वाकडे पाऊल प्रायः 70 अंश बाहेर वळवून बुटात ठेवले जाते आणि दांडीची लांबी बालकाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असते. पहिले 3 महिने ब्रेस जवळजवळ दिवसभर, 23 तास, वापरायचा असतो. त्यानंतर तो मुख्यतः रात्री व दुपारच्या झोपेत घातला जातो.

पोन्सेती यांचा स्मोली यांच्यासह लिहिलेला 1963 चा शोधनिबंध फारसा चर्चिला गेला नाही. 1970 च्या दशकापासून मोठ्या शस्त्रक्रियांचा प्रभाव वाढला. पुढे कूपर व डाइट्झ यांनी 1995 मध्ये पोन्सेती यांच्या जुन्या रुग्णांची सुमारे 30 वर्षांनंतरची स्थिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 78 टक्के रुग्णांचे पाऊल उत्तम वा चांगले कार्य करीत होते, तर वक्रपाद नसलेल्या तुलनागटात हे प्रमाण 85 टक्के होते. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर कालांतराने पाऊल ताठर व वेदनादायक होते, हेही दीर्घकालीन निरीक्षणांतून दिसू लागले आणि वैद्यकविश्व पुन्हा प्लास्टर व ब्रेसकडे वळले.

ब्रेसचे खरे महत्त्व 2004 मध्ये स्पष्ट झाले. मोर्कुएन्दे व सहकाऱ्यांनी 157 रुग्णांच्या 256 पावलांचा आढावा घेतला. 98 टक्के पावले मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ झाली होती. विकृती पुन्हा उद्भवण्याचा संबंध प्रामुख्याने ब्रेस सोडण्याशी होता. ब्रेस नियमित वापरणाऱ्या कुटुंबांत पुनरावृत्तीचे प्रमाण सुमारे 6 टक्के, तर न वापरणाऱ्यांत सुमारे 80 टक्के आढळले. वैद्याच्या हातून सरळ झालेल्या पावलाचे भवितव्य घरातील माणसांच्या हाती असते, हा याचा अर्थ होय.

विकासाच्या टप्प्यांचे मोजमाप

वक्रपादाच्या उपचारांशी संबंध नसलेला आणखी एक इतिहास याच काळात घडत होता. अमेरिकेत आर्नल्ड गेसेल यांनी येल विद्यापीठात बालकांच्या वाढीच्या नोंदी करून वयानुसार टप्पे निश्चित केले. मर्टल मॅकग्रॉ यांनी 1935 मध्ये जॉनी व जिमी या जुळ्या भावांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. विशेष सरावाने जॉनी चाके लावलेल्या बुटांवरून घसरण्यासारखी कौशल्ये लवकर शिकला, परंतु चालण्यासारख्या मूलभूत टप्प्यांत दोघांमध्ये फारसे अंतर पडले नाही.

ब्रेसच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा अभ्यास वेन व मार्सेना डेनिस या दांपत्याचा आहे. अमेरिकेतील होपी आदिवासी समाजात तान्ह्या बालकास फळीला बांधून ठेवण्याची प्रथा होती. ती प्रथा पाळणाऱ्या व सोडून दिलेल्या कुटुंबांतील मुलांची त्यांनी 1940 मध्ये तुलना केली. दोन्ही गटांतील मुले सरासरी सुमारे 15 महिन्यांच्या वयात चालू लागली होती. बालकाला मिळणारी हाताळणी व संधी यांचाही टप्प्यांवर परिणाम होतो, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. तथापि, तान्हेपणी काही तास पाय बांधलेले असणे म्हणजे चालणे हिरावले जाणे नव्हे, एवढे या अभ्यासातून निश्चित दिसून आले. वक्रपादाच्या उपचारकांनी मात्र बराच काळ या ज्ञानशाखेकडे पाहिले नाही.

भारतात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेली यांच्या मापनश्रेणीच्या आधारे भारतीय बालकांसाठी मानके तयार केली. त्यांच्या 1997 च्या सुधारित श्रेणीत शारीरिक हालचालींची 67 पदे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या 5 देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणांवरून टप्प्यांच्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार स्वतंत्रपणे चालण्याचा आरंभ 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही होऊ शकतो. काही निरोगी मुले हात व गुडघ्यांवर कधीच रांगत नाहीत, हेही त्यात नोंदले गेले.

दोन इतिहासांचा संगम

उपचारांचा व मोजमापाचा इतिहास 2010 नंतर एकत्र आला. गार्सिया व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये उपचार घेतलेल्या बालकांची तुलना वक्रपाद नसलेल्या बालकांशी केली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात अल्पसा विलंब दिसला. साला व सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याच दिशेने निष्कर्ष मांडले. झायंट्स व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 94 मुलांच्या नोंदी दिल्या. ही मुले सरासरी 14.5 महिन्यांच्या वयात स्वतंत्रपणे चालू लागली आणि 18 महिन्यांपर्यंत 90 टक्के मुले चालत होती. सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत हा विलंब सुमारे 2 महिन्यांचा आहे.

हा विलंब सर्वस्वी ब्रेसच्या माथी मारता येत नाही. तुलना उपचार घेतलेल्या व वक्रपाद नसलेल्या मुलांची आहे, ब्रेस वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या मुलांची नाही. विकृती असलेल्या पायाची पोटरी मुळातच बारीक असते. शिवाय उपचाराचे वेळापत्रकही बोलके आहे. जन्मानंतर लगेच आरंभ केल्यास प्लास्टर सुमारे 2 महिन्यांत संपते आणि पूर्णवेळ ब्रेसचे 3 महिने पाचव्या महिन्याच्या आसपास पुरे होतात. रांगण्याच्या व उभे राहण्याच्या वयात बालक जागेपणी बहुतांश वेळ मोकळेच असते. ब्रेस घातलेला असतानाही गुडघे वाकवता येतात. दोन्ही पाय एकत्र झाडायला बालकास खेळत खेळत शिकवावे, असे पालकांना सांगितले जाते. ब्राउन यांच्या लाथेचा विचार असा नव्या रूपात टिकून आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मातेच्या उदरातच अंग वाकडे झालेल्या अष्टावक्राची कथा महाभारतात येते. तेथे त्याचे कारण पित्याचा शाप हे आहे. ग्रहणकाळी गर्भवतीने काही चिरले वा कापले तर मुलात व्यंग येते, ही समजूत मराठी समाजात दीर्घकाळ वावरत आली आहे. अशा समजुतींमुळे दोष मातेवर येतो आणि मूल उशिरा चालल्यास तो दुणावतो. शेजारचे मूल पावले टाकू लागले की ब्रेस काढून ठेवण्याचा मोह होतो, त्यामागे हे सामाजिक ओझेही असते. वास्तविक, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवणे मराठी घरांना नवे नाही. त्या बांधणीने मूल पांगळे होते असे कोणतीही आजी मानत नाही.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात तपासल्या जाणाऱ्या 9 जन्मजात दोषांत वक्रपादाचा समावेश आहे. विकासातील विलंबाची तपासणीही याच कार्यक्रमात येते. म्हणजे पाऊल पाहणारी आणि टप्पे पाहणारी अशा दोन्ही दृष्टी येथे एकाच व्यवस्थेत आल्या आहेत. युगांडात श्टेनबेक यांनी चामडे, लाकूड व लोखंड अशा स्थानिक साहित्यातून घडवलेला स्वस्त ब्रेस भारतातही वापरला गेला. त्यामुळे साधनाच्या किमतीची अडचण बरीच कमी झाली आहे. समजावून सांगण्याचे काम मात्र कोणतेही साधन करू शकत नाही.

समारोप

वक्रपादाच्या उपचारांचा इतिहास सामान्यतः शल्यचिकित्सकांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु उपचाराचे यश ठरवणारा सर्वांत दीर्घ टप्पा रुग्णालयात नव्हे, तर घरात पार पडतो. मूल मागे पडेल का, या पालकांच्या प्रश्नाला दीर्घकाळ मोजून उत्तर दिले गेले नाही. उत्तराअभावी ज्यांनी ब्रेस सोडला, त्यांच्या मुलांना पुन्हा प्लास्टर वा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. आज उत्तर उपलब्ध आहे. एका बाजूस सुमारे 2 महिन्यांचा विलंब आहे आणि दुसऱ्या बाजूस पाऊल पुन्हा वाकडे होण्याचा मोठा धोका आहे. मराठी घरात मूल उभे राहू लागले की त्याच्या हाती पांगुळगाडा दिला जातो. ब्रेस वापरणाऱ्या मुलाच्या हाती तो कदाचित दोन महिने उशिरा येईल, पण तो ढकलत पुढे जाणारी पावले सरळ असतील. हे प्रत्येक मातेपर्यंत तिच्या भाषेत पोहोचवणे, हे या इतिहासातील अद्याप अपुरे राहिलेले कार्य आहे.