उरलेल्यांची पारख : अमेरिकन फुटबॉल ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्या

क्रीडा प्रतिनिधी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या ‘ड्राफ्ट’मध्ये १६ एप्रिल २००० रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने १९९व्या क्रमांकावर मिशिगन विद्यापीठाच्या एका सडपातळ क्वार्टरबॅकची निवड केली. त्या निवडीची कोणी फारशी दखल घेतली नाही. त्याच्या आधी अन्य सहा क्वार्टरबॅकना संघ मिळाले होते. चाळीस यार्डांची धाव पूर्ण करायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते आणि शरीरयष्टी पाहून कोणी प्रभावित व्हावे असे त्याच्यात काही नव्हते. त्या तरुणाचे नाव टॉम ब्रेडी. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर सात सुपर बोल विजेतेपदे होती. एवढी विजेतेपदे तोवर कोणत्याही एका संघालाही मिळवता आली नव्हती.

ब्रेडीची कहाणी आता दंतकथेसारखी सांगितली जाते. मात्र तिच्यामागे एक व्यावहारिक प्रश्न आहे. नामवंत खेळाडू निवडले गेल्यानंतर जे उरतात, त्यांच्यातून उपयोगी माणूस ओळखायचा कसा? दरवर्षी एप्रिलमध्ये ३२ संघ या प्रश्नाशी झगडतात आणि त्यांच्या उत्तरावर शेकडो तरुणांचे भवितव्य अवलंबून असते.

ड्राफ्ट म्हणजे काय?

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. येथे चर्चा आहे ती अंडाकृती चेंडू हातात घेऊन, हेल्मेट आणि खांद्यावर कवच चढवून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलची, आणि ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात एनएफएल या त्याच्या व्यावसायिक स्पर्धेची. या स्पर्धेत येणारे जवळपास सर्व खेळाडू विद्यापीठांच्या संघांतून घडतात. आयपीएलच्या लिलावात खेळाडूवर पैशाची बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली पाळी आणि विजेत्याला शेवटची, असा साधारण क्रम असतो.

फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा नऊ फेऱ्या होत्या. पुढे ही संख्या वाढत गेली. १९७६ मध्ये तर १७ फेऱ्या झाल्या. १९९४ पासून मात्र सात फेऱ्यांचीच पद्धत कायम आहे. करारमुक्त झालेले आपले खेळाडू गमावणाऱ्या संघांना भरपाई म्हणून काही जादा निवडी मिळतात. ब्रेडीची निवडही अशाच भरपाईच्या पाळीवर झाली होती. या जादा निवडी धरून एका वर्षात साधारण अडीचशेहून अधिक खेळाडू निवडले जातात.

२०१० पासून ड्राफ्ट तीन दिवस चालतो. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी व तिसरी आणि शनिवारी उरलेल्या चार फेऱ्या होतात. शनिवारची दुपार उलटेपर्यंत बहुतेक प्रेक्षक पांगलेले असतात. पाचव्या ते सातव्या फेरीतील खेळाडूंची पारख हा या लेखाचा विषय आहे.

या निवडींचे मोल किती मानले जाते, हे एका कोष्टकावरून कळते. १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी निवडींच्या अदलाबदलीसाठी एक गुणपत्रिका वापरात आणली. तिच्यात पहिल्या क्रमांकाच्या निवडीला ३००० गुण होते, तर सातव्या फेरीच्या अखेरच्या निवडींना जेमतेम दोन-तीन. १९७६ पासून तर सर्वांत शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला ‘मिस्टर इररेलव्हंट’, म्हणजे ‘श्रीयुत बिनमहत्त्वाचे’, अशी गमतीची पदवी दिली जाते. माजी खेळाडू पॉल सलाटा यांनी कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे ही प्रथा सुरू केली. या मानकऱ्याला मिळणाऱ्या करंडकावरील खेळाडूच्या हातून चेंडू निसटत असतो!

मोजपट्टीचे काम

खेळाडूंची पारख दोन-तीन वर्षे आधीच सुरू होते. प्रत्येक संघाचे ‘स्काउट’, म्हणजे खेळाडू हेरणारे पगारी निरीक्षक, आपापल्या विभागातील विद्यापीठांत फिरतात, सामन्यांच्या चित्रफिती पाहतात आणि प्रशिक्षकांशी बोलतात. हंगाम संपला की अलाबामातील मोबिल येथे होणारा सीनियर बोल आणि १९२५ पासून चालत आलेला ईस्ट-वेस्ट श्राइन सामना यांसारख्या लढतींतून निवडक खेळाडूंना एकमेकांसमोर पाहण्याची संधी मिळते. त्यानंतर इंडियानापोलिस येथील ‘कम्बाइन’ हे चाचणी शिबिर भरते. १९८७ पासून ते त्याच शहरात होत आले आहे. तेथे तीनशेहून अधिक खेळाडूंची ४० यार्डांची (सुमारे साडेछत्तीस मीटर) धाव, उभी व लांब उडी, २२५ पौंडांचे (सुमारे १०२ किलो) वजन उचलण्याची क्षमता आणि दिशा बदलण्याची चपळाई मोजली जाते. डॉक्टर सांधे, गुडघे, खांदे तपासतात आणि संघाचे अधिकारी मुलाखती घेतात. ज्यांना तेथे निमंत्रण मिळत नाही, त्यांची परीक्षा त्यांच्याच विद्यापीठाच्या मैदानावर होते.

उंची, वेग, ताकद आणि कामगिरी या चारही कसोट्यांना उतरणारा खेळाडू पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक राहत नाही. जो उरतो त्याच्यात काहीतरी कमी असते. म्हणून पहिल्या फेरीत ‘हा किती चांगला आहे’ असे विचारले जाते, तर सहाव्या फेरीत ‘हा का उरला’ असे विचारावे लागते. या खेळाडूंचे परीक्षण करताना जाणकार साधारण चार गोष्टी पाहतात.

उणीव भरून निघणारी आहे का?

काही उणिवा सरावाने, आहाराने किंवा वयाने दूर होतात. काही होत नाहीत. सिनसिनाटी विद्यापीठात जेसन केल्सी शिष्यवृत्तीविना दाखल झाला, तोही लाइनमन म्हणून नव्हे. पुढे तो लाइनमध्ये खेळू लागला, पण त्या जागेसाठी व्यावसायिक मोजपट्टीवर त्याचे वजन कमी भरत होते. ईगल्सने २०११ मध्ये सहाव्या फेरीत त्याला घेतले. सेंटरच्या जागी त्याची चपळाई वजनापेक्षा अधिक कामाची ठरली आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्याच संघाचा आधारस्तंभ राहिला. त्याच वर्षी पाचव्या फेरीत सिअ‍ॅटल सीहॉक्सने निवडलेला रिचर्ड शेर्मन हा स्टॅनफर्डमध्ये आधी चेंडू झेलणारा रिसिव्हर होता. बचावपटू म्हणून त्याचा अनुभव तोकडा होता, उंची मात्र त्या जागेसाठी दुर्मीळ होती. अनुभव वाढू शकतो, उंची वाढत नाही, हा हिशेब येथे फळला.

दाखवलेले काम की दडलेली क्षमता?

या प्रश्नावर दोन पंथ आहेत. जॉर्डन मेलाटा हा ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा तरुण. त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पण सहा फूट आठ इंच उंचीचा इतका चपळ माणूस क्वचितच सापडतो, म्हणून ईगल्सने २०१८ मध्ये सातव्या फेरीत त्याला घेतले. नियमित हंगामातील पहिला सामना खेळायला त्याला २०२० उजाडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला तेव्हा तो डाव्या टॅकलच्या महत्त्वाच्या जागेवर उभा होता.

ब्रॉक पर्डीचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. आयोवा स्टेट विद्यापीठात तो जवळपास चार हंगाम मुख्य क्वार्टरबॅक होता. त्याची उंची आणि फेकीची ताकद डोळ्यांत भरणारी नव्हती, पण निर्णय झटपट होते. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला २६२व्या, म्हणजे त्या वर्षीच्या अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडले. त्याच डिसेंबरमध्ये सहकाऱ्यांच्या दुखापतींमुळे त्याच्यावर संघाची धुरा आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले. त्याचा पहिला करार चार वर्षांसाठी सुमारे ३७ लाख डॉलरचा होता. २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी साडेसव्वीस कोटी डॉलरचा करार केला.

मेलाटाकडे शरीर होते, अनुभव नव्हता. पर्डीकडे अनुभव होता, शरीर नव्हते. दोघांना निवडणाऱ्या संघांना कोणती उणीव आपल्याला चालेल हे ठाऊक होते. मेलाटाला दोन वर्षे थांबण्याची ईगल्सची तयारी होती. ज्या संघाला लगेच माणूस हवा आहे, त्याने अशी निवड केली असती तर ती वाया गेली असती.

तो आकडा कोठे मिळवला?

विद्यापीठातील आकडेवारी फसवी असते. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कमावलेले हजार यार्ड आणि तगड्या संघांविरुद्ध कमावलेले सहाशे यार्ड यांत दुसरा आकडा मोठा असू शकतो. पण छोट्या विद्यापीठाचा म्हणून खेळाडूला नाकारणेही घातक असते. सव्हाना स्टेटसारख्या लहान विद्यापीठातून आलेला शॅनन शार्प १९९० मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला आणि २०११ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. कठीण प्रसंगी खेळाडू काय करतो, हेही चित्रफितीत पाहावे लागते. १ जानेवारी २००० रोजी ऑरेंज बोल सामन्यात ब्रेडीने पिछाडीवरून मिशिगनला अलाबामाविरुद्ध जादा वेळेत ३५-३४ असा विजय मिळवून दिला होता. तो सामना सर्वच संघांनी पाहिला होता, पण त्यातून दिसलेला धीर चाचणी शिबिराच्या तक्त्यात मांडता येत नव्हता.

पहिल्या वर्षी तो करणार काय?

हा प्रश्न सर्वांत रुक्ष आणि सर्वांत निर्णायक. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. हंगामापूर्वी त्यांतून ५३ जणांचा मुख्य संघ ठरतो आणि १६ जणांना सराव पथकात ठेवता येते. शेवटच्या फेरीतील खेळाडूला मुख्य जागा लगेच मिळत नाही. त्याने किकऑफ आणि पंट यांसाठीच्या ‘स्पेशल टीम’मध्ये धावून, धडका देऊन आपली जागा कमवायची असते. टेरेल डेव्हिसला डेन्व्हर ब्रॉन्कोजने १९९५ मध्ये १९६व्या क्रमांकावर घेतले. त्या ऑगस्टमध्ये टोकियोतील सराव सामन्यात किकऑफच्या वेळी त्याने प्रतिस्पर्ध्याला दिलेली एक जबरदस्त धडक प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. १९९८ च्या हंगामात त्याच डेव्हिसने २००८ यार्ड धावून काढले. २०२४ पासून किकऑफचे नियम बदलल्यामुळे चेंडू परत नेण्याचे प्रसंग वाढले आहेत आणि स्पेशल टीममधील कौशल्याला पुन्हा भाव आला आहे.

बदललेली परिस्थिती

जुलै २०२१ पासून विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. परिणामी, सहाव्या-सातव्या फेरीत निवड होण्याची शक्यता असलेला खेळाडू शिक्षण अर्धवट सोडण्याऐवजी आणखी एक वर्ष विद्यापीठात थांबणे पसंत करतो. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत आता वयाने मोठे, अनेक सामने खेळलेले तरुण अधिक दिसतात. त्यांचे काम पुष्कळ पाहायला मिळते, पण वाढीला वाव किती उरला आहे, हा नवा प्रश्न पडतो.

ज्याची निवडच होत नाही, त्याला मात्र ड्राफ्ट संपताच कोणत्याही संघाशी करार करता येतो. सातव्या फेरीत नको त्या संघाकडे जाण्यापेक्षा हे बरे, असेही काही प्रतिनिधींचे मत असते. तथापि हा मार्ग किती खडतर असतो, ते कर्ट वॉर्नरने अनुभवले. १९९४ मध्ये त्याला कोणीही निवडले नाही. ग्रीन बे पॅकर्सच्या शिबिरातून वगळल्यावर त्याने आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम केले. १९९९ च्या हंगामात तोच वॉर्नर स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

पारखणाऱ्यांची परीक्षा

वर्तनवादी अर्थशास्त्राचे अभ्यासक केड मॅसी आणि २०१७ चे नोबेल मानकरी रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टच्या निवडींचा अभ्यास केला. निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना केवळ ५२ टक्के आढळली. म्हणजे ती नाणेफेकीपेक्षा किंचितच अधिक आहे. म्हणूनच शहाणे संघ शेवटच्या फेऱ्यांत एकाच खेळाडूवर विसंबण्याऐवजी जास्तीत जास्त निवडी गोळा करतात.

खुद्द पेट्रियट्सनेही २००० मध्ये ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू निवडले होते. त्यांतला एक तर त्याच सहाव्या फेरीत, बारा क्रमांक आधी. संघाच्या निवड विभागातील स्कॉट पायोली यांच्याबद्दल सांगितले जाते की, ब्रेडीच्या आधी पाचव्या फेरीत घेतलेल्या आणि संघासाठी एकही सामना न खेळलेल्या एका खेळाडूचे छायाचित्र त्यांनी आपल्या टेबलावर ठेवले होते. ब्रेडीला निवडावे असा आग्रह धरणाऱ्यांत क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक डिक रेबाइन होते. मिशिगनला जाऊन त्यांनी त्याला पारखले होते. ऑगस्ट २००१ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० सप्टेंबरला, ब्रेडी प्रथमच मुख्य क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरला.