घूस, पिंजरा आणि नाल्याचा पलीकडचा काठ

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मागच्या पायरीखाली घूस शिरली. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या अंगाला आमची बैठी चाळ आहे. पुढे गाळे, मागे नाला. घूस आली हे आधी मातीवरून कळते. सकाळी दार उघडले की पायरीलगत ओल्या मातीचा ताजा ढीग दिसतो, आणि बिळाचे तोंड आतून मातीने बंद केलेले असते. आठवडाभरात मोरीजवळची फरशी पोकळ वाजू लागली. शेजारी जमले, सल्ले सुरू झाले. कोणी औषधाच्या गोळ्या सुचवल्या, कोणी गोंदाचा पुठ्ठा. गोळी खाऊन ती फरशीखालीच मेली तर महिनाभर घरात बसवणार नाही, हे अनुभवाचे बोल होते. गोंदाला चिकटून रात्रभर किंचाळणारा जीव मी एकदा पाहिला आहे. पुन्हा पाहायचा नव्हता. शेवटी मी जाड तारेचा मोठा पिंजरा आणला.

पिंजरा लावण्यातही शास्त्र आहे. घूस भिंतीच्या कडेने चालते, म्हणून पिंजरा भिंतीला समांतर ठेवायचा. नव्या वस्तूला ती बिचकते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस दार बांधून ठेवायचे, आत खाणे टाकायचे आणि तिला येऊ-जाऊ द्यायचे. मग एका रात्री खटका लावायचा. आमच्याकडे सुका बोंबील चालला. चौथ्या रात्री खाडकन दार पडले. किलोभर वजनाची असावी. अंगावरचे राठ केस उभे करून डुकरासारखी गुरगुरत होती. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आला, त्याचा अर्थ डुक्करउंदीर. नाव ठेवणाऱ्याने ती पिंजऱ्यातच पाहिली असावी.

पहाटे पिंजऱ्यावर पोते टाकून मी नाला ओलांडला आणि पलीकडच्या काठाला दार उघडले. घूस झाडीत गेली. वळलो तर मागे झोपडीच्या दारात एक म्हातारी उभी होती. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडचं आमच्याकडे कशाला आणून टाकता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी लेथवर काम करणारा माणूस. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सगळे ग्रंथालयांत बसून केलेले. प्रश्न अडला की जुने कागद उघडायचे ही सवय. पकडलेल्या जिवाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न या शहराला याआधी कधी पडला होता, हे मी शोधू लागलो. तो सारखाच पडत आला आहे, असे दिसले.

कुत्री आणि पांजरपोळ

पहिला मोठा प्रसंग १८३२ चा. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम मुंबईत आधीपासून होता. उन्हाळ्याच्या दिवसांत कुत्री मारली जात आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई मालकांची कुत्रीही ओढून नेऊ लागले. त्या वर्षी जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याची नजर पडावी लागते. हिंदू व्यापारीही सामील झाले, दुकाने बंद पडली, कोटातल्या गोऱ्या पलटणीचे सामानसुमान अडले आणि सरकारला सैन्य बोलवावे लागले.

दंगल शमली, पण कुत्री होतीच. त्यावर व्यापाऱ्यांनी आपला उपाय काढला. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. 'पांजर' म्हणजे पिंजरा, 'पोळ' म्हणजे आवार. पकडलेला जीव मारायचा नाही आणि दुसऱ्याच्या दारातही सोडायचा नाही. त्याचा खर्च आपण उचलायचा. हा उपाय मला प्रामाणिक वाटतो. मात्र त्याला जागा लागते आणि पैसा लागतो. उंदरांसाठी पांजरपोळ कोणी काढणार?

मांडवीचा उंदीर

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती, तेव्हा उंदीर मुबलक. माणसे मरण्याआधी घरात उंदीर मरून पडतात, हे तिथल्या रहिवाशांना दिसत होते. सरकारला मात्र पहिली काही वर्षे घाण, हवा आणि गर्दी यांतच रोगाचे मूळ दिसले. १८९७ चा साथरोग कायदा आला, घरे धुतली गेली, छपरे उघडली गेली, माणसे छावण्यांत नेली गेली. पुण्यात त्याचे पर्यवसान रँडच्या खुनात झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे उंदरांवर मोहीम वळली, तेव्हा जैन आणि वैष्णव वस्त्यांतून जीवहत्येला विरोध झाला. गणपतीचे वाहन मारायचे कसे, हा प्रश्न तर घरोघरचा होता.

या काळात पिंजऱ्याने जे काम केले, ते मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते.

पॉल-लुई सिमोंद हा फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईत आला. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो, असा त्याला संशय होता. मेलेला उंदीर त्याच्या उपयोगाचा नव्हता. अंग गार पडू लागले की पिसवा ते सोडून ऊब शोधत निघून जातात. त्याला आजारी पण जिवंत उंदीर हवा होता. जून १८९८ मध्ये कराचीत तो मिळाला. सिमोंदने एका मोठ्या काचेच्या बरणीत तो ठेवला आणि त्याच बरणीत, त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, लहान जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही प्लेगने मेला. मधल्या हवेत उडी मारणारी होती ती पिसूच. सिमोंदची तेव्हा बरीच थट्टा झाली.

धागा पुन्हा उचलला तो मुंबईने. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी गिनीपिग ही जणू पिसवा पकडायची सापळाजाळी केली. प्लेगच्या घरात गिनीपिग सोडायचे आणि काही काळाने त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करायच्या. १९०५ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाचे काम सुरू झाले. तिथल्या प्रयोगांत बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले गिनीपिग वाचले, उघडे असलेले मेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले मेले, दोन फुटांवरचे वाचले. पिसूची उडी किती, याचे माप असे मिळाले. ज्या रोगाने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्याचे कोडे सुटण्यात अशा पिंजऱ्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट माझ्या प्रश्नाच्या अधिक जवळची. शहरभरातून रोज उंदीर परळला येत. एका वर्षात एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली असे: हा कुठे सापडला. त्या चिठ्ठ्या नकाशावर मांडल्या तेव्हा रोगाची चाल दिसली. तो आधी गटारातल्या उंदरांत पसरे, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर माणसांत. म्हणजे उंदराला पत्ता असतो. तो एकटा नसतो. त्याच्या अंगावरच्या पिसवा आणि रक्तातला रोग घेऊन तो त्या पत्त्यावर राहत असतो. दयेपोटी त्याला दूर नेऊन सोडणारा माणूस नकळत हे सगळे दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवत असतो. हे वाचताना मला नाल्यापलीकडची म्हातारी आठवली.

मारण्याचा हिशेब

मग मारावे? तोही हिशेब सरळ नाही. १९०२ साली फ्रेंचांनी हनोईत उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले. काही दिवसांत शेपटी कापून सोडून दिलेले उंदीर शहरात फिरू लागले, आणि काहींनी तर बक्षिसासाठी उंदीर पाळायला घेतले. मुंबईच्या १८३२ च्या शिपायांना हा धंदा ओळखीचा वाटला असता.

उंदराची पैदासही मोठी. मेलेल्यांची रिकामी बिळे भरायला फार वेळ लागत नाही. खाणे आणि आडोसा आहे तोवर संख्या पुन्हा तिथेच येते. प्लेगच्या काळात शहरात काळ्या उंदराचे राज्य होते; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांत लहान घुशीने त्याला मागे सारले. जेम्स स्पिलेट यांनी कलकत्त्याच्या धान्य गोदामांतल्या या घुशीचा केलेला अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९६८ मध्ये छापला. मोठ्या बिळातून ती कणसे आणि धान्य साठवते, हे आपल्या कातकऱ्यांना मात्र पुस्तकाविना माहीत होते. भाताची कापणी झाली की ते अशी बिळे खणून आतल्या लोंब्या काढतात, आणि उंदीरही खातात.

मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार आजही काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. आमच्या एल वॉर्डातले असे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. एका रात्रीला तीस उंदरांचा हिशेब द्यावा लागतो. "तीस मिळतात," ते म्हणाले, "पण जिथे हॉटेलचा कचरा तिथेच मिळतात. कचरा उचला, मग मला तीस शोधायला दोन रात्री लागतील."

बिबट्याचा दाखला

पकडून दूर सोडण्याचा सर्वांत महागडा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले आणि त्यांतले बरेच दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की सोडलेल्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी शांत राहत नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आरे आणि बोरिवलीच्या उद्यानाभोवतीही त्याच सुमारास हल्ल्यांनी थैमान घातले होते. त्या अनुभवानंतर वनखात्याने ऊठसूट पिंजरा लावणे कमी केले होते. जे बिबटे सोडता येत नाहीत ते माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मभर राहतात. मोतीशांचे पांजरपोळच ते, फक्त जनावर बदलले.

घुशीला हे भाग्य नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. उंदराच्या आणि आमच्या आयुष्यात त्याने काही फरक पडलेला नाही.

पुन्हा पायरीशी

एक गोष्ट मी आतापर्यंत टाळली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी वस्त्यांत शिरली आणि आमच्या गाळ्यात छातीएवढे पाणी होते. माझ्याबरोबर मशीनवर काम करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा दोन दिवस त्या पाण्यातून ये-जा करत होता. पायाला जखम होती. दहा-बारा दिवसांनी ताप आला, डोळे लाल झाले, मग कावीळ. लेप्टो. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शरीरात जातो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर तो वाचला असता. त्याच्या आईला गावी कळवायचे काम माझ्याकडे आले होते.

हे सगळे माहीत असून मी घूस नाल्यापलीकडे सोडली होती, तीही पावसाळ्यात. पायाखाली माझी जमीन नव्हती, म्हणून माझ्या हातून पाप झाले नाही, असे मी धरून चाललो होतो. दया करणे सोपे होते, कारण तिची किंमत दुसरा देणार होता.

यंदा आषाढात पुन्हा माती निघाली. पिंजरा लावला, तिसऱ्या रात्री घूस आली. मी वॉर्डात तक्रार नोंदवली, सकाळी कामगार आला. त्याने हातमोजे चढवले, घूस पोत्यात घेतली आणि एका फटक्यात काम संपवले. मी आत निघून गेलो नाही, उभा राहिलो. पिंजरा ब्लीचिंगच्या पाण्याने धुतला. मग चाळीतल्या आम्ही सात घरांनी वर्गणी काढली, पायरी फोडली, बीळ काचेचे तुकडे आणि सिमेंटने बुजवले आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा आणला. पुढच्या गाळेवाल्याशी डब्यातले उरलेले अन्न नाल्यात टाकण्यावरून भांडणही झाले. इतिहासातून मला मिळालेला उपाय एवढाच आहे, आणि तो फारसा शोभिवंत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी नाला ओलांडून म्हातारीकडे गेलो. झाले ते सांगितले. तिने चहा ठेवला. म्हणाली, "मागची होती ना तुमची, ती आमच्या पोराने जानेवारीत मारली. पिल्लं होती सहा." मग जरा थांबून म्हणाली, "तो डबा कुठे मिळतो, झाकणाचा? आम्हालापण सांगा."