चिठ्ठीवरची शांतता

काही औषधांची नावे घरात इतकी रुळतात की ती औषधे आहेत याचाच विसर पडतो. 'काम्पोज' हे असेच एक नाव. डायझेपाम या औषधाची रॅनबॅक्सीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारतात आणलेली ही आवृत्ती. झोप येत नाही, जीव घाबरा होतो, घरात कुणी गेले आहे. अशा वेळी हे नाव सहज उच्चारले जाई. ज्या औषधकुळातली ही गोळी आहे, त्याच्या इतिहासातील एका प्रश्नाकडे आम्हांला येथे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे: या गोळ्यांची सवय जडते हे १९६१ सालीच दिसले होते, मग ते मान्य व्हायला वीस-पंचवीस वर्षे का लागली?

हे कूळ बेन्झोडायझेपिनांचे. त्याचा जनक लिओ स्टर्नबाख. जन्म १९०८चा, आज क्रोएशियात असलेल्या ओपातिया गावचा. शिक्षण पोलंडमधील क्राकोव्ह येथे. युरोपात युद्ध पेटलेले असताना, १९४१ साली, हा ज्यू रसायनशास्त्रज्ञ रोश कंपनीतर्फे अमेरिकेत न्यू जर्सीतील नटली येथे पोहोचला. क्राकोव्हमध्ये रंगद्रव्यांच्या शोधात हाताळलेली संयुगे त्याने तेथे पुन्हा बाहेर काढली. काही हाती लागेना, तेव्हा काम थांबवण्यास सांगण्यात आले. १९५७ साली टेबल आवरताना न तपासलेले एक संयुग सापडले. ते दिल्यावर प्राणी शांत होत, पण गुंगीत बुडत नसत. त्यातून १९६० साली 'लिब्रियम' आणि १९६३ साली 'व्हॅलियम' बाजारात आले.

त्या काळच्या डॉक्टरांना झालेला आनंद खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यापूर्वी हाताशी होती ती बार्बिट्युरेटे. त्यांची थोडी जास्त मात्रा जीव घेई. नव्या गोळ्या एकट्याच घेतल्या, तर अतिमात्रेनेही मृत्यू क्वचितच ओढवे. आधीच्यापेक्षा सुरक्षित असलेली वस्तू पूर्णपणे सुरक्षित मानली गेली. पहिली चूक ही.

लिब्रियम येऊन जेमतेम वर्ष झाले होते. लिओ हॉलिस्टर या अमेरिकी डॉक्टरने रुग्णालयातील काही रुग्णांना ते मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ दिले आणि मग त्यांतील अकरा जणांचे औषध अचानक बंद करून त्याजागी निष्क्रिय गोळ्या दिल्या. दहा जणांना त्रास सुरू झाला; दोघांना झटके आले, तेही सुमारे आठवड्यानंतर. १९६१ साली हे छापून आले. उत्तर तयारच होते: मात्रा फार मोठी होती, नेहमीच्या मात्रेत असे होणार नाही.

पण मात्रेचा मुद्दा हा या दीर्घ दुर्लक्षाचा एक भाग झाला. खरी अडचण अशी की गोळी बंद केल्यावर होणारा त्रास आणि ज्यासाठी गोळी सुरू केली तो आजार, यांचा चेहरा एकच. धडधड, घाम, थरथर, उडालेली झोप, अकारण भीती. रुग्ण सांगे, 'गोळी सोडली की जीव घाबरा होतो.' डॉक्टर ऐकत, 'आजार अजून गेलेला नाही.' आणि चिठ्ठीवर पुन्हा तेच नाव येई. शिवाय या औषधांतील काही शरीरात बराच काळ रेंगाळतात. त्रास काही दिवसांनी उगवतो आणि कारण व परिणाम यांची सांगड तुटते.

त्यातच सांगणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. १९७०च्या सुमारास रोशने डॉक्टरांसाठी केलेल्या व्हॅलियमच्या एका जाहिरातीत पस्तिशीची अविवाहित स्त्री होती. तिच्या आयुष्यात येऊन गेलेल्या पुरुषांसोबतची छायाचित्रे, आणि शेवटी ती एकटी. एकटेपणाला तेथे रोगाचे नाव मिळाले होते. १९७८ साली अमेरिकेत व्हॅलियमच्या दोनशे कोटींहून अधिक गोळ्या खपल्या.

१९७७ साली मेंदूत या औषधांची नेमकी जागा सापडली. मेंदूतील गाबा हे द्रव्य चेतापेशींना आवर घालते आणि या गोळ्या त्या आवराला बळ देतात. बाहेरून रोज बळ मिळू लागले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. आधार अचानक काढला तर आवरच सैल पडतो. यात रुग्णाच्या मनोबलाचा दोष कोठे येतो?

१९७९ साली अमेरिकी सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढे या गोळ्यांत अडकलेल्यांनी साक्षी दिल्या. त्यांत डॉक्टरही होते. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी माल्कम लेडर आणि पीटर टायरर यांच्या अभ्यासांनी दाखवले की नेहमीच्या मात्रेतही हे घडते. न्यूकॅसलमध्ये हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खास दवाखाना चालवला. त्यांची रीत साधी: रुग्णाचे ऐकायचे आणि त्याला झेपेल इतक्या सावकाश मात्रा उतरवायची. १९८८ साली ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात, असा सल्ला दिला.

भारतात मार्च २०१४पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवून दुकानदाराने ती नोंद तीन वर्षे जपायची असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली अवलंबित्वाचा इशारा वेष्टनपत्रकातील चौकटीत ठळकपणे छापण्यास सांगितले.

तरीही एक शब्द आमच्या मते अजून आड येतो: 'व्यसन'. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असाही आहे. मराठीत मात्र उरला तो केवळ दोष. चिठ्ठीप्रमाणे, सांगितली तेवढीच गोळी घेणाऱ्या माणसाला तो लागू पडत नाही, म्हणून आपल्याला काही जडले आहे असे त्याला वाटतच नाही. जेव्हा वाटते तेव्हा लाजेपोटी तो एका रात्रीत डबी फेकून देतो. आणि तेच सर्वांत धोक्याचे, कारण हॉलिस्टरच्या रुग्णांना झटके आले ते असेच अचानक थांबल्यामुळे. ज्याची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे त्याने घाबरू नये, लाजू नये आणि एकट्याने थांबूही नये. डॉक्टरकडे जाऊन 'ही हळूहळू कमी करायची आहे' एवढेच म्हणावे. ते नीट ऐकून घेतले जावे, यासाठीच हा इतिहास आठवायचा.