उकिरड्यावरची अस्वलं

एकदा वावराची चटक लागलेलं ढोर दावं तोडून तिकडंच जातं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ती चटक लावली कोणी? आणि तोडायची कशी, एका दमात की हळूहळू? याच प्रश्नावरून अमेरिकेत अस्वलांच्या बाबतीत शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्यात मोठा वाद झाला होता. आज त्याची हकिकत लिहितो. पोस्ट थोडी लांबली आहे, सांभाळून घ्या.

यलोस्टोन हे १८७२ साली राखलेलं राष्ट्रीय उद्यान. तिथं हॉटेलं झाली, आणि हॉटेलांचं खरकटं मागं टाकायची पद्धत पडली. जंगलातली अस्वलं त्या वासावर येऊ लागली. लोकांना मजा वाटली. पुढं तर खरकटं खाणारी अस्वलं बघायला माणसांना बसायला बाकडी मांडली गेली. हातानं खाऊ घालायला १९०२ पासूनच बंदी होती, पण पाळतो कोण? रस्त्यावर मोटार थांबली की काळं अस्वल काचेपाशी हजर.

याचं फळ काय मिळालं? १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी वर्षाला सरासरी ४८ माणसं जखमी केली. त्यातली बरीचशी या मागत्या काळ्या अस्वलांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खरकट्याचा तमाशा बंद झाला, पण उकिरडे चालूच राहिले, फक्त लोकांच्या नजरेआड.

१९५९ साली फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे भाऊ तिथं ग्रिझली अस्वलांचा अभ्यास करायला आले. ग्रिझली म्हणजे मोठं, तपकिरी, ताकदीचं जनावर. त्यांनी अस्वलांना गुंगीचं औषध देऊन कानात बिल्ले मारले, आणि १९६१ मध्ये गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला. कोणतं अस्वल कुठं जातं, कुठं झोपतं, हे पहिल्यांदाच माणसाला कळू लागलं. त्यांच्या लक्षात आलं की उन्हाळ्यात लांबलांबची अस्वलं या उकिरड्यांवर गोळा होतात. पिल्लू दोनेक वर्षं आईसोबत राहतं, तेव्हा आईची वाट तीच पिल्लाची वाट.

ऑगस्ट १९६७ मध्ये शेजारच्या माँटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी १९ वर्षांच्या दोन मुली मारल्या. त्या दोन्ही ठिकाणच्या अस्वलांना माणसाच्या खरकट्याची सवय होती. मग सगळीकडंच घाई झाली.

यलोस्टोनचे उकिरडे बंद करायचे, याबद्दल दुमत नव्हतं. भांडण होतं वेगाचं. क्रेगहेड म्हणाले, हळूहळू बंद करा, आणि तोवर माणसांपासून लांब एल्क हरणांची मढी टाका. नाहीतर भुकेली अस्वलं तळांवर आणि गावांत घुसतील अन् गोळी खातील. उद्यानाची बाजू अशी, की लांबवलं तर पिल्लांची आणखी एक पिढी उकिरडा शिकेल, म्हणून लवकर मोडा. १९७० पर्यंत मोठे उकिरडे बंद झाले. त्यानंतर थोड्याच काळात क्रेगहेडांचं उद्यानातलं कामही थांबलं.

क्रेगहेडांची भीती खरी ठरली. १९६७ ते १९७२ या काळात उद्यान आणि आसपास मिळून दोनशेवर ग्रिझली मेल्या. १९७५ साली तिथल्या ग्रिझलींना कायद्यानं संरक्षण द्यावं लागलं. पण उद्यानाचंही एक म्हणणं खरं निघालं. जी वाचली ती जंगलातलं खाणं शोधून जगली. आज त्या भागात हजाराच्या आसपास ग्रिझली आहेत. अस्वलाला उघडता येणार नाही अशा कचरापेट्या बसवल्या, खाऊ घालण्याची बंदी खरोखर पाळायला लावली, आणि उद्यानात जखमी होणारी माणसं वर्षाला सरासरी एकाच्या आसपास आली.

आपल्यासारख्यांना आवडेल अशी एक गोष्ट. तिकडं मैदानात आर्मी कटवर्म नावाची अळी गव्हाचं नुकसान करते. तिचे पतंग उन्हाळ्यात डोंगरावर जातात आणि ग्रिझली दगड उलथून दिवसाला हजारोंनी खातात. म्हणजे गव्हातली कीड शेवटी अस्वलाच्या पोटात. जंगलानं ताट वाढून ठेवलं होतं, माणसानंच उकिरडा दाखवला.

आता आपल्याकडचं. आपल्या विदर्भातलं अस्वल वेगळं. वारूळ उकरून वाळवी खाणारं, बोरं, मध अन् मोहफुलांवर जगणारं. मोह वेचायला पहाटे माणूस जातो, त्याच झाडाखाली तेही येतं, आणि अचानक गाठ पडते. म्हणून तिकडचा उपाय इथं जसाच्या तसा चालणार नाही. इथं उजाडल्यावर जाणं, एकट्यानं न जाणं, बोलत-खाकरत जाणं हेच कामाचं.

पण प्रश्न तोच लागू आहे. कोणतंही जनावर वावरात आलं, की आधी बघावं ते कशासाठी आलं. मेलेलं ढोर धुऱ्यापलीकडं फेकायचं आणि बिबट्या आला म्हणून ओरडायचं, सडकी फळं बांधावर ओतायची आणि डुकरांना शिव्या द्यायच्या, हे आपणही करतो. मीही केलं आहे. सवय लावायला काही लागत नाही. मोडताना मात्र कोणाचा तरी जीव जातो, माणसाचा नाहीतर जनावराचा.

तुमच्या शिवारात कोणतं जनावर कशासाठी येतं, ते खाली नक्की लिहा.