मक्केतल्या मदरशात ‘सॉफ्ट स्किल्स’

नीट ऐकणं, चारचौघांत बोलणं, कुणी चूक दाखवली तर न चिडता सुधारणं: याला आज आपण ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतो आणि त्यासाठी वेगळं वर्कशॉप लागतं असं धरून चालतो. मक्केतल्या सौलतिया मदरशाचा इतिहास मात्र थोडं वेगळं सांगतो.

मदरशाचे संस्थापक मौलाना रहमतुल्लाह हे आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. १८५४ मध्ये आग्र्यात जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांच्याशी झालेल्या त्यांच्या जाहीर वादविवादाची खूप चर्चा झाली. १८५७ च्या उठावानंतर त्यांना देश सोडावा लागला आणि ते मक्केला पोचले. तेव्हा तिथं उस्मानी सत्ता होती. कलकत्त्याच्या सौलतुन्निसा बेगम यांच्या देणगीतून १८७४ च्या सुमारास मदरसा उभा राहिला, म्हणून नाव ‘सौलतिया’.

मक्केच्या मोठ्या मशिदीत शिक्षण चालायचं ते हलक्यात, म्हणजे शिक्षकाभोवती गोल करून बसलेल्या विद्यार्थ्यांत. सौलतियानं त्याला ठरलेल्या अभ्यासक्रमाची जोड दिली. पण मूळ पद्धत तोंडीच राहिली. कुराणपठण गुरूसमोर मोठ्यानं करायचं. एक अक्षर चुकलं तरी सगळ्यांदेखत थांबायचं आणि पुन्हा म्हणायचं. आजीसमोर रामरक्षा म्हणताना उच्चार चुकला की काय व्हायचं, ते आठवा! तयारी पटली की गुरू ‘इजाजा’ देणार, म्हणजे पुढं शिकवायची परवानगी. थोडक्यात, धार्मिक पाठातूनच धीर, शिस्त आणि जबाबदारी अंगी यायची.

खरी परीक्षा झाली १९३४ मध्ये. इथं इंडोनेशिया-मलायातले विद्यार्थीही बरेच होते. त्यांच्या भाषेच्या अपमानावरून वाद पेटला. विद्यार्थी नुसते चिडून बसले नाहीत. मोठ्या संख्येनं बाहेर पडले आणि त्यांच्या समाजानं मक्केतच ‘दारुल उलूम’ हा नवा मदरसा काढला. परक्या शहरात माणसं जोडायची, पैसा उभा करायचा, शिक्षक मिळवायचे, ही कामं सोपी नव्हती.

म्हणून मला वाटतं, कौशल्यांची चर्चा विद्यार्थ्यांपाशी थांबवून चालणार नाही. हलक्यात ऐकायची सवय विद्यार्थ्यांना लागली होती. त्यांचं ऐकायची वेळ आली तेव्हा मदरसा कमी पडला. घरी मराठी आणि शाळेत दुसरी भाषा बोलत वाढलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हा वाद कशाचा होता ते वेगळं समजावून सांगायला नको.