जंजिरा बघून आलात? आता प्रश्न विचारा

कॉलेजची सहल कोकणात गेली की मुरुड-जंजिरा सहसा चुकत नाही. राजपुरीहून शिडाची होडी, होडीतच सुरू होणारी गाईडची गोष्ट, दरवाज्यापुढे फोटो, कलालबांगडी तोफेवर हात आणि परतताना टेकडीवरचा नवाबाचा राजवाडा बाहेरूनच. नाशिकला परत आल्यावर कुणीतरी म्हणतं, "सर, मला पीएच.डी.साठी यावरच काम करायचंय. 'मुरुड-जंजिरा : एक ऐतिहासिक पर्यटनस्थळ'."

मित्रांनो, हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. मुलाखतीत समितीचा पहिला सवाल येईल, "म्हणजे तुम्ही नेमकं काय शोधणार?" आणि तिथेच गाडी अडेल. म्हणून या लेखात आपण जंजिऱ्याची तीच नेहमीची सहल पुन्हा करू, पण प्रत्येक थांब्यावर एक प्रश्न तयार करू.

आधी एक गोष्ट पक्की करा. जंजिरा म्हणजे फक्त किल्ला नव्हे. ते सिद्दी नवाबांचं समुद्रकाठचं छोटं संस्थान होतं. क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस मैल, ब्रिटिश काळात अकरा तोफांच्या सलामीचा मान, काठेवाडातलं जाफराबादही त्यांच्याच ताब्यात. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, यावरून आला.

पहिला थांबा : होडीतली गोष्ट

गाईड सांगतो : बेटावर राम पाटील या कोळी प्रमुखाचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी ओंडक्यांची तटबंदी. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, आसरा मागितला, दारूची पिंपं भेट दिली. पाटलाची माणसं झिंगली आणि उरलेल्या पिंपांतून सैनिक बाहेर पडले.

आता युरोपात जाऊ. समुद्रकाठचं चिमुकलं, श्रीमंती थाटाचं संस्थान म्हटलं की मोनॅको आठवतं. दोन चौरस किलोमीटरच्या आसपासचा देश. तिथल्या खडकावरच्या राजवाड्यात जाणाऱ्या पर्यटकालाही अशीच गोष्ट ऐकायला मिळते. १२९७ साली फ्रान्स्वा ग्रिमाल्दी भिक्षूच्या वेषात आला, दार उघडलं गेलं आणि झग्याखालून तलवार निघाली. मोनॅकोच्या राजचिन्हावर आजही तलवारधारी दोन भिक्षू आहेत.

साचा एकच आहे बघा. समुद्रातला खडक, वेषांतर, विश्वास आणि दगा. इथे नवखा विद्यार्थी लगेच विचारतो, "खरं की खोटं?" तो प्रश्न नंतरचा. आधी विचारा : ही गोष्ट सर्वात जुनी कुठे लिहिलेली सापडते? कोण सांगतंय? मोनॅकोत राजघराण्यानं ती युक्ती अभिमानानं मिरवली. जंजिऱ्यात तीच गोष्ट सिद्दींची हुशारी म्हणूनही सांगता येते आणि कोळ्यांवर झालेला अन्याय म्हणूनही. सांगणारा बदलला की गोष्टीचा नायक बदलतो. हा झाला संशोधनाचा प्रश्न.

दुसरा थांबा : 'अजिंक्य' ही पाटी

जंजिऱ्याला चिकटलेलं विशेषण म्हणजे 'अजिंक्य'. शब्द ऐकायला भारी आहे, पण तो ऐकला की आपण विचार करणं थांबवतो. किल्ला बाहेरच्यांना घेता आला नाही, हे खरं. पण आत काय चाललं होतं? १६७१च्या सुमारास किल्ल्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांशी तडजोड करायच्या बेतात होता. त्याच्याच सिद्दी सहकाऱ्यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय घेतला. म्हणजे सत्ता आतून बदलली होती.

मुरुडच्या किनाऱ्यावरून समोर पद्मदुर्ग दिसतो. बहुतेक पर्यटक तिथे जात नाहीत. संशोधकानं मात्र नक्की थांबावं. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी कांसा बेटावर हा किल्ला उभारला. जानेवारी १६७५चं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामासाठी पैसा आणि धान्य वेळेवर पोचवलं नाही म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याची त्यात कडक कानउघाडणी आहे. त्या पत्रात महाराजांची चिंता रसदेची आहे. समुद्रातली लढाई धान्याच्या पोत्यांवर चालते, हे एका पत्रातून कळतं.

१६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीकडून खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला. मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना मोर्चा हलवावा लागला. त्याच वर्षी आपल्या नाशिकजवळच्या रामसेजला मोगलांचा वेढा पडला आणि तो छोटासा किल्ला पाचएक वर्षं लढला. पण शेवटी तो पडला तो किल्लेदार फितवल्यामुळे, असंच सांगितलं जातं. आता दोन्ही शेजारी ठेवा. 'कोण शूर होतं' यापेक्षा 'रसद कुठून येत होती, आतली माणसं कुणाशी बांधलेली होती आणि वेढा घालणाऱ्याला दुसरीकडे कुठे धावावं लागलं' हे प्रश्न जास्त काम देतात.

तिसरा थांबा : राजवाडा

राजवाडा बांधला नवाब सिद्दी अहमदखान यांनी. त्यांची कारकीर्द १८७९ ते १९२२. खाजगी मालमत्ता असल्यामुळे पर्यटक तो बाहेरून बघतात आणि 'जुनी श्रीमंती' म्हणून पुढे जातात. पण या वाड्यातली माणसं स्वतः जग बघत होती आणि लिहीत होती, हे गाईड सहसा सांगत नाही. नवाबांच्या बेगम नाझली मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. १९०८ साली त्या युरोपला गेल्या आणि तो प्रवास त्यांनी उर्दूत लिहिला. त्यांची बहीण अतिया फैजी हिनं लंडनच्या शिक्षणकाळाची रोजनिशी 'जमाना-ए-तहसील' नावानं छापली. म्हणजे जंजिऱ्याला आपण 'बघण्याची जागा' समजतो, तिथूनच बघणारेही निघाले होते.

इथे मोनॅको पुन्हा उपयोगी पडतं. १८६१ साली मोनॅकोनं आपला बहुतेक मुलूख फ्रान्सला दिला. उत्पन्न गेलं, म्हणून जुगारघर, हॉटेलं, माँटे कार्लो. तिथे पर्यटनानं संस्थान जगवलं. जंजिऱ्यात आपण आज जे पर्यटन बघतो, ते संस्थान संपल्यावर वाढलं. एक संस्थान देश म्हणून टिकलं, दुसरं तालुका झालं. दोघांच्याही डोक्यावर मोठी सत्ता होती. मग फरक कशानं पडला? तुलनात्मक अभ्यासासाठी याहून चांगला धागा कुठे मिळेल?

शेवटचा थांबा : नाशिक

आता म्हणाल, "आम्ही नाशिकचे, कोकणात कितीदा जाणार?" शरणपूर रोडवरून रोज जाता ना? त्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनचं केंद्र होतं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकवायला ठेवली जात. त्यांतले काही जण १८६६मध्ये लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. नाशकात शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत १८७४ साली इंग्लंडला पोचला. पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं, तिथेही नाशिकहून माणसं गेली.

एकाच समुद्रावरून आफ्रिकन माणसं महाराष्ट्रात आली. काहींचे वंशज नवाब झाले, काही जण शरणपूरच्या शाळेत बसले. किल्ला सगळ्यांना माहीत आहे, शाळा फारशी कुणाला नाही. आपण काय 'बघण्यासारखं' ठरवतो, यावर इतिहासात काय उरतं हे बरंचसं अवलंबून असतं. गंमत म्हणजे कुलाबा-जंजिऱ्याचं आणि नाशिकचं, दोन्ही जुनी गॅझेटियर १८८३ सालची आहेत. एकाच टेबलावर दोन्ही उघडून बसा.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढंच करा. कागदाला तीन रकाने पाडा. पहिल्यात 'गाईड काय सांगतो', दुसऱ्यात 'सर्वात जुना लेखी पुरावा कोणता', तिसऱ्यात 'या दोन्हींत कोण गप्प आहे'. कोळी, सिद्दी घरांतल्या बायका, होडीवाले, किल्ल्यात वस्ती करून राहिलेली साधी कुटुंबं. तिसरा रकाना भरायला लागला की तुमचा विषय तुम्हाला सापडला म्हणून समजा.