तेल मुरलेली माती बॅक्टेरिया कशी साफ करतात?

टँकर उलटतो, जमिनीखालची पाइपलाइन फुटते किंवा पेट्रोल पंपाची जुनी टाकी गळू लागते. वर साचलेलं तेल उपसता येतं, पण मातीत मुरलेलं तेल तिथेच राहतं. ते झिरपत भूजलापर्यंत पोहोचलं, तर आसपासच्या विहिरी आणि बोअरवेलही धोक्यात येतात. पेट्रोलमध्ये असलेल्या बेन्झिनमुळे कॅन्सर होऊ शकतो.

अशी माती खणून दुसरीकडे टाकली, तर प्रदूषणाची फक्त जागा बदलते. म्हणून अनेक ठिकाणी बॅक्टेरियाची मदत घेतली जाते. या पद्धतीला ‘बायोरेमेडिएशन’ म्हणतात.

बॅक्टेरिया तेल खातात म्हणजे नेमकं काय करतात?

पेट्रोल, डिझेल आणि कच्चं तेल हे मुख्यतः हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं असतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर अशा बॅक्टेरियांसाठी हे अन्नच असतं. ते एन्झाइम आणि ऑक्सिजनच्या मदतीने या संयुगांचे तुकडे करतात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि वाढतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

मग माती आपोआप साफ का होत नाही?

असे बॅक्टेरिया बहुतेक मातीत आधीपासूनच असतात. अडचण वेगळीच असते. तेलातून त्यांना भरपूर कार्बन मिळतो, पण नुसत्या भातावर जसं शरीर पोसलं जात नाही, तसंच त्यांचंही होतं. त्यांना नायट्रोजन, फॉस्फरस, ओलावा आणि हवा लागते. तेलाने भरलेल्या मातीत नेमकी याचीच कमतरता असते.

त्यामुळे बायोरेमेडिएशनमध्ये बऱ्याचदा बाहेरून बॅक्टेरिया आणण्यापेक्षा आहेत त्यांनाच पोसण्यावर भर असतो. त्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत:

• लँडफार्मिंग: माती पातळ थरात पसरवून खत-पाणी देतात आणि अधूनमधून नांगरतात.
• बायोपाइल: मातीचा ढीग करून त्यात छिद्रं असलेल्या पाइपमधून हवा खेळवतात.
• बायोव्हेंटिंग: माती न खणता, बोअर घेऊन जमिनीखाली हवा सोडतात.

भारतात काय झालंय?

‘टेरी’ या संस्थेने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ‘ऑइलझॅपर’ तयार केलं. त्यात ५ प्रकारचे बॅक्टेरिया मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळलेले असतात. तेलातले वेगवेगळे घटक खाणारे बॅक्टेरिया एकत्र आणणं, ही त्यामागची कल्पना. तेल कंपन्यांकडे साचणारा तेलकट गाळ आणि सांडलेल्या तेलाने खराब झालेली जमीन साफ करण्यासाठी ते वापरलं जातं.

किती वेळ लागतो?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी शहराजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. साफसफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर तेल जमिनीत राहिलं. पुढे शास्त्रज्ञांनी त्या जागेचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथल्या बॅक्टेरियांनी कोणी न सांगता बेन्झिनसारखे घटक खाल्ले आणि भूजलातलं प्रदूषण फार लांब पसरू दिलं नाही. मात्र काही दशकांनंतरही तेलाचा काही भाग जमिनीखाली होताच. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे हे काम फार संथ चालतं. हवा आणि खत मिळालं, तर हलकं इंधन काही महिन्यांत बरंच कमी होऊ शकतं.

मर्यादा कोणत्या?

डांबरासारखे जड घटक बॅक्टेरियांना सहज पचत नाहीत. जुन्या पेट्रोलमधून आलेलं शिसं तर ते नष्टच करू शकत नाहीत, कारण धातूचं विघटन होत नाही. चिकणमातीत हवा खेळवणं कठीण जातं. शिवाय गळती आधी थांबवावी लागते. टाकी गळतच असेल, तर कितीही बॅक्टेरिया सोडले तरी उपयोग नाही.

वास गेला म्हणजे माती साफ झाली, असंही नाही. ते मातीचे आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच कळतं. त्यामुळे विहिरीच्या पाण्याला पेट्रोल किंवा रॉकेलचा वास आला, तर ते पिऊ नका आणि उकळूही नका. उकळताना बेन्झिनसारख्या घटकांची वाफ घरात पसरते. आधी ग्रामपंचायत किंवा पालिकेला कळवा आणि पाणी तपासून घ्या.